रिपोर्टवरचा ठळक आकडा

‘एचबी नऊ पॉइंट दोन आणि तीन महिन्यांची शुगर सहा पॉइंट सहा आली आहे. आधी रक्त वाढवू की आधी शुगर उतरवू?’

पेणजवळच्या हमरापूरकडच्या एका गणपती कारखान्यात रंगकाम करणाऱ्या ताईंचा हा प्रश्न. एकाने त्यांना खजूर आणि गूळ खायला सांगितला होता, दुसऱ्याने गोड आणि भात बंद करायला. आठ दिवस दोन्ही सल्ले पाळून झाल्यावर त्या रिपोर्ट घेऊन आल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत, लाइट बिलाच्या घडीत ठेवलेला. या दोन आकड्यांचा एकमेकांशी संबंध असू शकतो आणि त्यातला एक आकडा दुसऱ्यामुळे फुगलेला असू शकतो, हे त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं.

पेण आणि रोह्यात हल्ली गल्लोगल्ली रक्त घेणारी केंद्रं झाली आहेत. तपासणी सोपी झाली, रिपोर्ट मोबाइलवर येतो. तो समजावून सांगायला मात्र कोणी बसत नाही. वारंवार येणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. हा लेख डॉक्टरांच्या जागी वापरू नका. डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं, हे ठरवायला वापरा.

ठळक छापलं म्हणजे आजार झाला, असं नाही

रिपोर्टवर जो आकडा जाड अक्षरांत येतो, तो मशीनने जाड केलेला असतो. शेजारी छापलेली मर्यादा साधारणपणे अशी ठरवतात, की शंभर निरोगी माणसांपैकी पंच्याण्णव तिच्यात बसावीत. उरलेली पाचही निरोगीच असतात. सीबीसीमध्ये (रक्तपेशींच्या मोजणीच्या तपासणीत) वीसेक आकडे असतात, तेव्हा धडधाकट माणसाच्या कागदावरही एखादा ठळक निघणारच. म्हणून आकड्याकडे जाण्याआधी कागदाचा वरचा भाग वाचा:

- नाव, वय, स्त्री की पुरुष. लिंग चुकीचं टाकलं तर हिमोग्लोबिनची मर्यादाच बदलते.
- रक्त किती वाजता घेतलं आणि तपासणी किती वाजता झाली.
- एकक. आपल्याकडे हिमोग्लोबिन ग्रॅममध्ये आणि साखर मिलिग्रॅममध्ये येते, दोन्ही दर डेसीलिटरला. आखातात नोकरीला असलेल्या मुलाचा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर आला आणि त्यात साखर ‘७’ दिसली, तर ती कमी समजू नका. ते मिलिमोल आहेत. १८ ने गुणा, १२६ होतात.

हिमोग्लोबिन (एचबी) किती म्हणजे कमी?

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार यापेक्षा कमी असेल तर रक्तक्षय धरतात:

- प्रौढ पुरुष: १३
- गरोदर नसलेली स्त्री: १२
- गरोदर स्त्री: ११ (मधल्या तीन महिन्यांत १०.५)
- ५ ते ११ वर्षांचं मूल: ११.५

स्त्री-पुरुष दोघांतही ८ च्या खाली गेलं तर तो तीव्र रक्तक्षय. गरोदरपणात ही रेघ ७ वर आहे.

रक्तदान शिबिरातून परत पाठवलेल्या बायकांची एक वेगळीच नाराजी असते: ‘लॅब म्हणते नॉर्मल, शिबिरवाले म्हणतात कमी.’ दोघांचंही बरोबर आहे. रक्त द्यायला किमान १२.५ लागतं. १२.२ असलेली बाई निरोगी असते, पण दाता म्हणून चालत नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. निम्म्याहून जास्त. त्यामुळे ‘बायकांचं एवढं असतंच’ हे वाक्य घराघरात रुळलं आहे. असतं हे खरं, पण असायला नको.

आकडा कोणत्या पद्धतीने काढला तेही विचारा. बोटातून थेंब घेऊन, काचेच्या नळीत आम्लाबरोबर मिसळून, रंग डोळ्यांनी जुळवायची जुनी साहली पद्धत अजून काही ठिकाणी आहे. तिच्यात बघणाऱ्यागणिक एखाद्या ग्रॅमचा फरक सहज पडतो. म्हणून शिबिरातल्या १०.५ वर औषध सुरू करण्याआधी हाताच्या शिरेतून रक्त देऊन मशीनवरचा सीबीसी करून घ्या.

कारण त्याच कागदावर असतं

हिमोग्लोबिन कमी आहे हे कळल्यावर बहुतेक जण टॉनिकच्या बाटलीकडे वळतात. थांबा. सीबीसीत खाली एमसीव्ही नावाची ओळ असते. लाल पेशींचा तो सरासरी आकार. साधारण ८० ते १०० मध्ये असावा.

८० च्या खाली म्हणजे पेशी लहान. बहुतेक वेळा लोहाची कमतरता. खात्रीसाठी फेरिटिन तपासतात, तो लोहाचा साठा दाखवतो. प्रौढांत १५ च्या खाली गेलं तर साठा संपला आहे. पण अंगात ताप किंवा सूज असताना फेरिटिन खोटं वाढतं, म्हणून तापात ते करू नका.

पेशी लहान, पण लाल पेशींची संख्या मात्र भरपूर, ५० लाखांच्या वर, असं दिसलं तर वेगळी शंका घ्यावी लागते: थॅलेसेमियाचा वाहक. घरी करता येईल असा एक अंदाज आहे. एमसीव्हीला लाल पेशींच्या संख्येने (दशलक्षांत) भागा. उत्तर १३ पेक्षा कमी आलं तर डॉक्टरांना ‘एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी तपासणी) करू का?’ असं विचारा. हा फक्त अंदाज आहे, निदान नव्हे. पण वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या घेऊनही एचबी दहाच्या पुढे जात नाही, अशांनी हा भागाकार जरूर करावा. वाहकाला लोह कमी नसेल तर त्या गोळ्यांचा काही उपयोग नसतो.

१०० च्या वर म्हणजे पेशी मोठ्या. बी-१२ किंवा फॉलिक अ‍ॅसिड कमी असण्याची शक्यता. शुगरसाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी इथे कान टवकारावेत, कारण ती गोळी बी-१२ कमी करू शकते. पायाला मुंग्या येतात त्या दर वेळी ‘शुगरमुळेच’ नसतात.

आणि एक गोष्ट ठासून सांगतो. पुरुषाला किंवा पाळी गेलेल्या बाईला लोहाची कमतरता निघाली, तर ती आहारावर ढकलू नका. रक्त कुठून तरी जात असतं. मूळव्याध, सांधेदुखीच्या गोळ्यांनी झालेला पोटातला व्रण, कधी आतड्याचा कर्करोग. गोळ्या सुरू करा, पण कारण शोधल्याशिवाय गप्प बसू नका.

हिमोग्लोबिन जास्त असणं हेही चांगलं लक्षण नाही. पुरुषात १६.५ आणि बाईत १६ च्या वर वारंवार येत असेल तर धूम्रपान, फुप्फुसाचा आजार, झोपेत श्वास अडकणं यांची चौकशी होते. उन्हात राबून, पाणी न पिता तपासायला गेलात तरीही ते तात्पुरतं वाढलेलं दिसतं.

धाटावसारख्या रासायनिक वसाहतीत काम करणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. अ‍ॅनिलीन, नायट्रोबेन्झीन अशा रसायनांनी हिमोग्लोबिनचं रूपच बदलतं आणि ते प्राणवायू नीट पोचवेनासं होतं. ओठ-नखं निळसर होतात, डोकं दुखतं, काढलेलं रक्त चॉकलेटी दिसतं, आणि रिपोर्टवर एचबी मात्र १४ म्हणजे उत्तम! अशा वेळी साधा सीबीसी कामाचा नाही. रसायनाचं नाव डॉक्टरांना सांगा आणि ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जा.

साखर: कोणती, केव्हाची?

| तपासणी | ठीक | सीमेवर | मधुमेह |
|---|---|---|---|
| उपाशीपोटी | १०० च्या आत | १०० ते १२५ | १२६ पासून |
| ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन २ तासांनी | १४० च्या आत | १४० ते १९९ | २०० पासून |
| तीन महिन्यांची (एचबीएवनसी) | ५.७ च्या आत | ५.७ ते ६.४ | ६.५ पासून |

यातलं काहीही एकदाच वाढलेलं आलं आणि तुम्हाला खूप तहान, वारंवार लघवी, वजन उतरणं असा त्रास नसेल, तर एका कागदावर मधुमेहाचा शिक्का बसत नाही. दुसऱ्या दिवशी तीच किंवा दुसरी तपासणी करून दुजोरा घ्यायचा. लक्षणं असतील आणि कधीही तपासलेली साखर २०० किंवा जास्त असेल, तर मात्र वाट बघायची नाही.

उपाशीपोटी म्हणजे किमान आठ तास पाण्याशिवाय काहीही नाही. ‘फक्त अर्धा कप चहा’ हाही नाश्ताच. रात्रपाळीहून सुटून थेट लॅबमध्ये जाणारे इथे फसतात. पहाटे चारला कॅन्टीनमध्ये चहा-पाव झालेला असतो आणि आठला रक्त दिलं जातं. गणपतीआधी रात्री उशिरापर्यंत रंगकाम करणाऱ्यांचंही तेच. शेवटचं कधी खाल्लं ते लॅबवाल्याला खरं सांगा.

जेवणानंतरची साखर पहिल्या घासापासून मोजून दोन तासांनी. त्यासाठी रोजचं जेवण जेवा आणि रोजची गोळी घ्या. तपासणीच्या आधी चार दिवस भात सोडून ‘चांगला’ रिपोर्ट मिळवणारे फसवतात कोणाला, हे मला अजून कळलेलं नाही.

आता जरा बाटल्यांकडे बघा. सीबीसी आणि एचबीएवनसीचं रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतात, साखरेचं राखाडी झाकणाच्या. राखाडी नळीत फ्लोराइड असतं. ते नसेल तर नळीतल्या रक्तपेशी साखर खात राहतात आणि आकडा तासाला ५ ते ७ टक्क्यांनी उतरतो. रोह्यात सकाळी घेतलेलं रक्त पनवेल किंवा नवी मुंबईच्या लॅबमध्ये दुपारी तपासलं जाणार असेल, तर हा फरक छोटा नाही. १३० ची साखर १०५ दिसू शकते आणि माणूस खुशाल घरी जातो. नळीचं झाकण बघणं, नमुना कुठे आणि कधी जाणार हे विचारणं, यात संकोच नको. दोन लॅबचे दोन आकडे येण्यामागे अनेकदा एवढंच असतं.

घरचं ग्लुकोमीटर रोजच्या नजरेसाठी आहे, निदानासाठी नाही. १०० च्या पुढच्या आकड्यांत १५ टक्के इकडेतिकडे हे त्याच्या मानकातच मान्य आहे. लॅबमध्ये १६० आणि घरी १७५ आले तर यंत्र बिघडलेलं नाही. हात मात्र साबणाने धुऊन कोरडे करा. आंबा चिरलेल्या बोटातून साखर भलतीच येते.

‘मी तर काटकुळा, मला कसली शुगर?’ असंही विचारतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवून दिलं आहे, की भारतीय माणूस बाहेरून बारीक दिसला तरी आत चरबी बाळगून असतो. काटा बघून निश्चिंत होऊ नका.

तीन महिन्यांची साखर केव्हा खोटं बोलते?

हमरापूरच्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

एचबीएवनसी साखर थेट मोजत नाही. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. तेवढ्या काळात तिच्यातल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली, हे ती तपासणी मोजते. म्हणजे पेशींचं आयुष्य बदललं किंवा हिमोग्लोबिनच वेगळं असलं, की आकड्याचा भरवसा गेला.

लोहाची कमतरता असेल तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो. बी-१२ कमी असेल तरीही. उलट, नुकताच मोठा रक्तस्राव झाला, रक्त चढवलं, किंवा पेशी लवकर फुटण्याचा आजार असेल तर कमी येतो. गरोदरपणातही कमी येतो, म्हणून गरोदर बाईची साखर यावरून ठरवत नाहीत. तिला ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी तपासतात, आणि आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमानुसार १४० किंवा जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. सिकल सेलचा पूर्ण आजार असेल तर या तपासणीला काही अर्थच उरत नाही, कारण ती ज्या हिमोग्लोबिनवर चालते तेच त्या माणसात नसतं.

म्हणून नियम सोपा ठेवा: एचबी कमी असेल तर फक्त एचबीएवनसीवरून मधुमेहाचं निदान मान्य करू नका. उपाशीपोटीची आणि ग्लुकोजनंतरची साखर करून घ्या. या ताईंची उपाशीपोटी ९७ आणि ग्लुकोजनंतर १४८ आली. सीमेवर, पण मधुमेह नाही.

कधी एचबीएवनसीच्याच रिपोर्टखाली ‘असामान्य हिमोग्लोबिनची शक्यता’ अशी ओळ येते आणि घरात कर्करोगापर्यंत चर्चा जाते. तसं काही नसतं. अनेक लॅबमधलं यंत्र हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करत असतं. त्यात एखादा अनपेक्षित प्रकार दिसला की ते तसं छापतं. मग स्वतंत्र हिमोग्लोबिन एचपीएलसी करायचं. रक्त चढवायचं ठरलं असेल तर हा नमुना चढवण्याआधी द्या, नाहीतर दात्याचं हिमोग्लोबिन मिसळून सगळाच गोंधळ होतो.

बहुतेकदा निघतं ते वाहकपण: थॅलेसेमिया, सिकल, किंवा हिमोग्लोबिन डी, ई. वाहक हा आजारी नसतो. पण नवरा-बायको दोघंही थॅलेसेमियाचे किंवा दोघंही सिकलचे वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला पूर्ण आजार होण्याची शक्यता चारात एक असते. सिंधी, लोहाणा, भानुशाली समाजांत थॅलेसेमिया जास्त आढळतो, तर सिकल सेल देशभरात आदिवासी समाजांत. केंद्र सरकारची सिकल सेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ ला सुरू झाली, ती आदिवासी भागातल्या ४० वर्षांपर्यंतच्या सर्वांसाठी आहे. कातकरी किंवा ठाकूर वाडीवर तपासणीचं पथक आलं तर रक्त द्या, आणि कार्ड सांभाळून ठेवा. लग्न ठरवताना पत्रिकेसोबत तेही बघता येतं. गुंतागुंतीच्या रिपोर्टसाठी मुंबईत परळला तिथल्या केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची रक्तविकारांची राष्ट्रीय संस्था आहे. डॉक्टरांकडून तिथली चिठ्ठी मागा.

रक्त वाढवायचं आणि साखरही सांभाळायची

गूळ-खजुराने लोह मिळतं थोडं आणि साखर चढते भरपूर. बीट आणि डाळिंब लाल असतात म्हणून रक्त वाढवतात, हा रंगावरून काढलेला निष्कर्ष आहे. आपल्याकडे यापेक्षा चांगलं ताटात असतं: सुकट, जवळा, मांदेली, वाल, मटकी, पावसाळ्यातल्या रानभाज्या. वर लिंबू पिळा, त्याने भाज्या-कडधान्यांतलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला की तेच लोह वाया जातं. निदान तासाभराचं अंतर ठेवा. तांदळाची भाकरी सोडायची गरज नाही. तीनाच्या जागी दोन आणि बरोबर वालाचं बिरडं जास्त, एवढं जमतं.

पण नऊचा एचबी नुसत्या जेवणाने भरून निघत नाही, गोळी लागते. ती चहा, दूध आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका. शौचाला काळं होणार, त्याला घाबरू नका. मळमळलं तर जेवणानंतर घ्या किंवा एक दिवसाआड घेता येते का ते विचारा. महिन्याने पुन्हा तपासा. किमान एक ग्रॅम वाढायला हवं. नाही वाढलं तर निदान चुकलं, गोळी घेतली गेली नाही, किंवा रक्त अजून जातंय. एचबी नॉर्मल झाल्यावरही साठा भरण्यासाठी दोन-तीन महिने गोळी चालू राहते. बहुतेक जण इथेच सोडतात.

तुमचे हक्क

- १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. पेण आणि रोहा या दोन्ही ठिकाणी उपजिल्हा रुग्णालय आहे, अलिबागला जिल्हा रुग्णालय. बाहेरून तपासणी करून आणा असं सांगितलं तर ‘इथे का होत नाही’ हे विचारा आणि कारण केसपेपरवर लिहून मागा.
- तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब तपासणी उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. आशाताईंना विचारा.
- गरोदर स्त्रियांसाठी दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयात विशेष तपासणी असते.
- डॉक्टरांनी अमुकच लॅबची चिठ्ठी दिली तरी लॅब निवडायचा हक्क तुमचा. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेत तो नमूद आहे.
- रिपोर्टवर पॅथॉलॉजिस्टची सही हवी. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. नुसत्या तंत्रज्ञाची सही पुरेशी नाही.
- रुग्णालयातली तुमची कागदपत्रं मागितल्यावर ७२ तासांत मिळायला हवीत. कंपनीच्या वार्षिक तपासणीच्या रिपोर्टचीही प्रत मागून घ्या. रक्त तुमचं आहे.
- थॅलेसेमिया आणि सिकल सेलचा पूर्ण आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात येतो. वाहकपण येत नाही.

इथे उद्यावर ढकलू नका

- बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, लोहाच्या गोळ्या चालू नसताना डांबरासारखं काळं शौच.
- गरोदरपणात एचबी ७ च्या खाली.
- साखर ३०० च्या वर आणि सोबत उलट्या, पोटदुखी, खोल जोरजोरात श्वास किंवा गुंगी. १०८ ला फोन करा.
- साखर ७० च्या खाली, घाम, थरथर: शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ बोलवा.

ताईंनी लोहाची गोळी सुरू केली. पाळीत जास्त रक्त जात होतं, त्याचाही इलाज झाला. चार महिन्यांनी एचबी १२.१ आणि एचबीएवनसी ६.१. सीमेवरच आहेत, म्हणून संध्याकाळी कारखान्यातून घरी चालत येतात आणि वर्षातून एकदा दोन्ही तपासण्या करायच्या, हे त्यांनी कारखान्याच्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर माघी गणेश जयंतीच्या चौकोनात लिहून ठेवलं आहे.